एकोणसत्तर फुटांचा देवमासा

९ मे १९३८, सोमवार

गेल्या हंगामाचे सगळे आकडे आज तक्त्यात चढले. निळे देवमासे: अडुसष्ट फुटांचे दोन, एकोणसत्तर फुटांचा एकही नाही, सत्तर फुटांचे आठशे तेरा, एकाहत्तर फुटांचे दोनशे चार.

सत्तर फुटांखालचा निळा देवमासा मारायचा नाही, असं गेल्या उन्हाळ्यात लंडनला ठरलं. देवमासे कापून तेल काढणाऱ्या प्रत्येक कारखाना-जहाजावर सरकारचा एक निरीक्षक असतो. डेकवर ओढून आणलेला प्रत्येक मासा तो फितीने मोजतो आणि आठवड्याच्या आठवड्याला आकडे तारेने आमच्या कचेरीत पाठवतो. मी ते लिहून घेते. मासा आखूड भरला तर हार्पूनचा भाला सोडणाऱ्याला त्याचा मोबदला मिळत नाही आणि जहाजाचं नाव अहवालात येतं. देवमाशांना हे सगळं माहीत असण्याची शक्यता नाही.

बुग्गेसाहेबांना आलेख दाखवला. सत्तरवर एक खांब उभा आहे आणि त्याच्या डावीकडे जवळजवळ काहीच नाही. साहेबांनी तो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला.

"आस्लौगबाई, एकोणसत्तरचे चपळ असतात," ते म्हणाले. "निसटतात."

"आणि सत्तरचे?"

"ते जरा सुस्तावतात."

साहेब विनोद करत होते की नाही, हे मला त्यांच्याकडे तीन वर्षं काम करूनही कळत नाही.

११ मे, बुधवार

बाबा शनिवारी दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रातून परतले. सहा महिने होते. गल्लीतले सगळेच पुरुष या आठवड्यात परतले, त्यामुळे गल्लीला चरबीचा वास आहे. त्यांचे बूट, कोट, पेटी आणि मोजायची फीत शेडमध्ये आहेत. घरात आणायला आईची बंदी आहे.

बाबा निरीक्षक होऊन तीन वर्षं झाली. त्याआधी तीस वर्षं ते गोदीत सुतार होते. ब्रेक्के मापात सूतभरही चुकणार नाहीत, अशी बाबांची गावात ख्याती आहे, आणि म्हणूनच त्यांना नेमलं.

जेवताना मी सत्तरच्या खांबाची गोष्ट सांगितली. सांगायला नको होती असं आता वाटतं, कारण बाबांनी काटा खाली ठेवला आणि मग कॉड मासा गार होईपर्यंत उचलला नाही.

"आमच्या जहाजाचेही?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या जहाजांचे. तुमच्या जहाजावर सत्तरचे एकेचाळीस आहेत."

"कोण बघतं हे आकडे?"

"मी. मग साहेब. मग ओस्लोचं खातं. कोणी विचारलंच, तर निरीक्षकांची फीत तपासतील, आणि मग निरीक्षकांना."

आई म्हणाली, "बटाटे घ्या."

जेवल्यावर मी शेडमध्ये जाऊन फीत पाहिली. कापडी, मेण चढवलेली, करडी, चिकट. इतकी ताठ की उलगडेना. उजेड नव्हता. शुक्रवारी मोजेन असं म्हटलं.

१३ मे, शुक्रवार

कारण सापडलं.

कचेरीतून पोलादी मापपट्टी आणली होती. शेडमध्ये फीत नव्हती. ती अंगणात दोरीवर उशांच्या अभ्र्यांमध्ये वाळत होती. पांढरी, मऊ, आकड्यांची लाल शाई फिकी झालेली. आईने ती सोड्याच्या पाण्यात उकळली होती.

मी दोनदा मोजली. फितीवरचे सत्तर फूट म्हणजे खरे सदुसष्ट फूट एक इंच. कापड आटलं आहे. अशा फितीने मोजला तर सदुसष्ट फुटांचा मासा सत्तरचा भरतो. बाबांची चूक नाही. चूक सोड्याची आहे.

"तू ही दर वर्षी उकळतेस?" मी आईला विचारलं.

"वास येतो तिला."

"दर वर्षी?"

"आस्लौग, सहा महिने मेलेल्या जनावरावर लोळलेली वस्तू मी घरात न उकळता ठेवीन का?"

हे पटण्यासारखं आहे. आमच्याकडे धुणं सोमवारी असतं आणि आज शुक्रवार आहे, पण बाबांचे कपडे या आठवड्यात जास्त होते. शाई उतरून अभ्रे गुलाबी झाले आहेत. मला आमच्याकडे आधीचे गुलाबी अभ्रे आठवत नाहीत. अभ्रे बहुधा नवे असावेत.

बाबा पायरीवर बसून पाइप ओढत होते. मी निकाल सांगितला. ते आईकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं."

१६ मे, सोमवार

अहवाल दिला. शेवटी एक शंका नोंदवली: फीत आटली तर सगळेच मासे सारख्या प्रमाणात लांब दिसायला हवेत, फक्त एकोणसत्तरचेच का. ही शंका साहेबांनी खोडली. बाकी अहवालावर ते इतके खूश झाले की स्वतः उठून त्यांनी खिडकी उघडली.

"पण बाकीच्या जहाजांचं काय?" मी विचारलं.

"बाकीच्या निरीक्षकांनाही बायका आहेत."

उद्या सतरा मे, राष्ट्रदिन. गावभर झेंडे लागले आहेत. शेजारचा स्काऊग शिडीवर चढून त्याचा झेंडा लावत होता. तो बाबांच्याच जहाजाचा हार्पूनवाला. मला बघून वरूनच म्हणाला, "काय मास्तरीणबाई, ऐकलं की तुमच्या आईने आमचे मासे लांब केले?"

"फीत आखूड झाली," मी म्हणाले.

"तेच ते. माझ्या बायकोला सांगायला पाहिजे, माझी विजार अशीच उकळ म्हणून. कंबर तरी बारीक दिसेल."

७ जून

कचेरीने बावीस निरीक्षकांच्या घरी पत्र पाठवलं होतं: आपण मोजायची फीत उकळता का? बावीस उत्तरं आली. बावीसच्या बावीस उकळतात. आठ जणींनी किती वेळ तेही लिहिलं आहे.

निरीक्षक मूएन अविवाहित आहेत. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "उकळतो."

साहेबांनी पत्रांना दोरी बांधली आणि वर लिहिलं, "समाधानकारक." सगळ्या जहाजांसाठी पोलादी फिती मागवल्या.

२ सप्टेंबर

पोलादी फीत आली. बाबांनी स्वयंपाकघरात उलगडून दाखवली. आईने टोक हातात घेऊन वाकवून पाहिलं, नखाने आकडे खरवडून पाहिले.

"ही उकळून काही होणार नाही," ती म्हणाली, आणि बाबांकडे पाहिलं. ती घाबरल्यासारखी का दिसली कळलं नाही.

९ ऑक्टोबर

बाबा मंगळवारी निघणार. आज जेवण झाल्यावर त्यांनी मला थांबवलं. भांडी आवरलेली होती. त्यांनी टेबल हाताने पुसलं, सुतारकामाआधी पुसायचे तसं.

"आस्लौग, तुझ्या त्या शास्त्राप्रमाणे, खरे मासे कसे असायला हवेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे समज तीनशे मारले. किती फुटांचे किती?"

मला सव्वीस वर्षं पूर्ण झाली. बाबांनी माझ्या कामाबद्दल विचारलं, ते आज पहिल्यांदा. मी कागद घेतला आणि समजावून सांगितलं: लहान थोडे, मधले पुष्कळ, फार मोठे पुन्हा थोडे. टेकडीसारखं. टेकडीच्या पायथ्याशी एकाएकी भिंत नसते.

"सत्तरपासून सुरू कर," बाबा म्हणाले.

"सत्तरखालचेही काही येणारच. हार्पूनवाल्याला पाण्यात फूट-फूट कुठे कळतो."

"ते राहू दे. ते मी बघतो."

मी कच्चा हिशेब या वहीच्या मागे केला आणि त्यांना स्वच्छ प्रत करून दिली. प्रत करताना आई मध्येच कॉफी घेऊन आली आणि मला चीज हवं का म्हणून तीनदा विचारलं. बाबांनी कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"छान अक्षर आहे तुझं," ते म्हणाले.

झोप येत नाही. विशेष काही नाही.

१९ डिसेंबर

हंगाम आठ तारखेला सुरू झाला. बाबांच्या जहाजाची पहिली तार आली. एकोणीस निळे. सत्तरवर एकच. बाकी पसरलेले.

इतर जहाजांचा खांब सत्तरवरच आहे. त्यांच्याकडेही पोलादी फिती आहेत. साहेब म्हणतात, पोलाद थंडीत आक्रसतं. मी हिशेब करून दाखवला: दक्षिणेच्या थंडीत सत्तर फुटांत पाव इंच. ते म्हणाले, "पण आक्रसतं ना?"

२३ जानेवारी १९३९

बाबांच्या जहाजाची टेकडी दिसायला लागली. पायथा, चढ, माथा. इतकं स्वच्छ वितरण मी पुस्तकाबाहेर पाहिलेलं नाही. पोलादी फीत आणि प्रामाणिक माणूस, एवढंच लागतं. साहेबांना तसं बोलून दाखवलं, जे मी सहसा करत नाही.

एकच विचित्र आहे. शहात्तरवर सुळका आहे.

२० फेब्रुवारी

सुळका वाढतो आहे. शहात्तर फुटांचे तेहतीस. पंचाहत्तरचे सतरा, सत्त्याहत्तरचे एकोणीस.

मोजण्यातली चूक म्हणावी तर ती शहात्तरलाच का. मग खरंच शहात्तर फुटांचे मासे जास्त असावेत. ओस्लोला माझ्या जुन्या प्राध्यापकांना लिहिलं.

१४ मार्च

प्राध्यापकांचं सहा पानी उत्तर आलं. त्यांच्या मते काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात पिल्लं भरमसाट झाली असावीत आणि ती सगळी आता एकदम शहात्तर फुटांची झाली. या पिढीला नाव द्यायचं ठरवलं आहे. शोधात माझंही नाव येईल.

हंगाम सातला संपला. बाबांच्या जहाजाचे एकूण निळे तीनशे नऊ. शहात्तरचे बेचाळीस.

साहेब हा आलेख लंडनच्या बैठकीला पाठवणार आहेत. नियम पाळता येतो, आणि पाळला तर समुद्र कसा दिसतो, याचा पुरावा म्हणून. त्यांनी तो आत्ताच चौकटीत लावला आहे.

८ मे, सोमवार

बाबा काल परतले. आज धुणं. मी कचेरीतून आले तेव्हा आई शेडमध्ये विजारींचे खिसे रिकामे करत होती.

"हे तुझं आहे का?" तिने कागद पुढे केला. "की उकळू?"

माझाच कागद. ऑक्टोबरचा. घड्यांवर फाटलेला, चरबीचे डाग पडलेले. प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीच्या बारीक रेघा, पाच-पाचच्या जुड्यांत, सुतार फळ्या मोजतो तशा. सत्तर: सहा, सहा रेघा. एकाहत्तर: नऊ, नऊ रेघा. शहात्तरपुढे माझ्या अक्षरात बेचाळीस, आणि बेचाळीस रेघा.

वहीच्या मागचा कच्चा हिशेब काढून पाहिला. तिथे शहात्तरपुढे चोवीस आहे. प्रत करताना मी आकडे उलटे लिहिले.

शेवटच्या ओळींत, सत्त्याऐंशीच्या पुढे, नऊ जागा रेघांशिवाय राहिल्या आहेत.

समुद्र माझ्या हातून झालेली चूक करू शकत नाही.

त्याच दिवशी, नंतर

बाबा पायरीवर होते. मी कागद त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"शहात्तरला चोवीस हवे होते," मी म्हणाले.

त्यांनी कागद बघितला.  मग म्हणाले, "तुझा आकडा तपासावा, असं कधी वाटलंच नाही मला."

"तुम्ही एकही मासा मोजला नाहीत?"

"सुरुवातीला मोजला. फीत नवी होती."

"किती मोजले?"

"एक." त्यांनी पाइप झाडला. "पहिल्याच दिवशी. चौसष्ट फूट. दोनदा मोजला. कापला तर डेकवर दूध सांडलं. सगळ्यांचे बूट पांढरे झाले. स्काऊग माझ्याकडे बघत होता, त्याच्यामागे कापणारे बघत होते, वरून कप्तान बघत होता. तिथं अडीचशे माणसं, आस्लौग, आणि फीत धरणारा एकटा मी. बाहेर जायला दार नाही. मी म्हटलं, शहात्तर."

"शहात्तरच का?"

"तिथं जागा खूप होती."

मग मी विचारलं, गेल्या वर्षीच्या फितीचं काय. ते म्हणाले, "ते तुझ्या आईला विचार." विचारलं. आई म्हणाली, अभ्रे काही केल्या पांढरे होत नाहीत.

१० मे, बुधवार

साहेबांना सगळं सांगितलं. मुद्द्यांनी, क्रमाने. त्यांनी चौकटीतल्या आलेखाकडे पाठ केली.

"म्हणजे शहात्तरला चोवीस हवे."

"तो मुद्दा नाही, साहेब. यातला कोणताच आकडा मोजलेला नाही."

"कळलं. पण चूक ती चूक. चोवीस करा. तक्ता शुक्रवारी छापखान्यात जातोय."

"आणि उरलेले अठरा? ते मेलेले आहेत."

साहेबांनी विचार केला. "आजूबाजूला वाटून टाका. पंचाहत्तरला चार, सत्त्याहत्तरला चार, असे. कुणाला कळणार नाही. टेकडीच होईल ती." मग खालच्या आवाजात म्हणाले, "आस्लौगबाई, हे बाहेर पडलं तर तुमचे वडील जातील. त्यांच्या जागी दुसरा येईल, सत्तरवाला. मग काय मिळवलंत?"

हा प्रश्न शब्दशः लिहून ठेवते.

प्राध्यापकांना कळवलं की त्या पिढीला नाव देऊ नये. त्यांचं उलट टपाली उत्तर: नाव देऊन झालं आहे.

१२ मे, शुक्रवार

सकाळी तक्ता माझ्याकडे होता. तीनशे नऊ आकडे, त्यातला मोजलेला एक, आणि तोच तक्त्यात नाही.

मी अठरा वाटले नाहीत. शहात्तरचा एक कमी केला: एकेचाळीस. वरच्या कोऱ्या ओळींत चौसष्टपुढे लिहिलं: एक. शेऱ्यात लिहिलं: "आखूड. मादी. दुभती. दोनदा मोजली." एकूण तीनशे नऊच राहतात. साहेब फक्त एकूण तपासतात. त्यांनी सही केली.

जेवताना सांगितलं. "बाबा, मी चौसष्ट लिहिलं."

बाबांनी बटाटा सोलणं थांबवलं नाही. साल एकसंध निघाली.

"कितीदा लिहिलंस?" आईने विचारलं.

"एकदा."

"एकदाच ना?"

"एकच मोजलाय, आई."

"मग ठीक आहे," आई म्हणाली, पण तिचा हात बटाट्यांच्या भांड्याच्या झाकणावर तसाच राहिला. तारेत शहात्तर, तक्त्यात चौसष्ट; बाबांची नेमणूक जाईल, हे तिघांनाही माहीत होतं. बाबा म्हणाले, गोदीत अजून त्यांची रंधा-पेटी आहे. पाती मात्र गंजली असतील.

३० जून

ओस्लोहून काही नाही. स्काऊग माझ्याशी बोलत नाही. कुंपणापलीकडून बाबांना म्हणाला, "तुमची पोरगी म्हणजे धारेचं पातं आहे. जपून धरत जा." बाबा म्हणाले, "मूठ माझ्याकडे नाही."

१९ ऑगस्ट, शनिवार

खात्याचं पत्र आलं. पाकीट जाड होतं. आईने हात पुसून ते बाबांपुढे ठेवलं आणि उभी राहिली. बाबांनी मला वाचायला सांगितलं. जसंच्या तसं उतरवते:

"गेल्या हंगामात सर्व जहाजांवरील सर्व निरीक्षकांपैकी केवळ एकाने आखूड मासा निष्पक्षपणे नोंदवला. ही निःस्पृहता व अचूकता अनुकरणीय आहे. निरीक्षक ब्रेक्के यांची नेमणूक पुढील तीन वर्षांसाठी कायम करण्यात येत आहे. तसेच येत्या महिन्यात टोन्सबर्ग येथे अन्य निरीक्षकांना मोजणीचे प्रात्यक्षिक त्यांनी द्यावे."

सोबत एक छापील प्रशस्तिपत्र होतं. त्यावर देवमाशाचं चित्र होतं. चित्रातला मासा फार लहान वाटला.

आई खुर्चीत बसली आणि हसायला लागली. मी तिला असं हसताना पाहिलेलं नाही. मग डोळे पुसून ती कॉफी टाकायला उठली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी पत्र माझ्याकडून घेतलं, चष्मा लावून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे आता मोजावं लागणार."

"स्काऊग बघत असेल," मी म्हणाले.

"बघेल."

त्यांनी खिळ्यावरची पोलादी फीत काढली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही अंगणात गेलो. मी कुंपणाच्या फाटकाशी टोक दाबून धरलं. ते फीत सोडत सोडत पायरीपर्यंत गेले, गुडघ्यावर बसले, आणि तीस वर्षं बसत आले तशी मान वाकडी करून आकड्याशी डोळा नेला. कुंपणापलीकडे स्काऊग गवत कापत होता. त्याने विळा थांबवला.

बाबांनी आकड्यावर बोट टेकवलं.

"किती?" मी फाटकाशेजारून विचारलं.

त्यांनी फीत सैल सोडली, पुन्हा ताणली, पुन्हा वाचली.

"एकोणसत्तर," ते म्हणाले. स्काऊगला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मी लिहून घेतलं.